मशीनला लावलेला कूलर

अमळनेरच्या बसस्टँडवर माझ्या भावाबरोबर उभं राहायचं म्हणजे शिक्षाच होती. मी सासरी देवपूरला जाणाऱ्या गाडीची वाट बघतेय, पिशव्या सांभाळतेय, आणि हा माझ्या कानाशी लागून सांगणार, "अक्का, ती हिरव्या साडीतली बघ. हिच्या हळदीत हिचा दीर रुसून गच्चीवर जाऊन बसला होता. आणि तो टपरीपाशी उभा आहे ना, तो स्वतःच्या वरातीत घोड्यावरून पडला." मी म्हणायची, "अरे हळू बोल मेल्या, मार खाशील!" त्यावर नवल नुसता खांदे हलवून हसायचा. हसण्याला आवाज म्हणून नाहीच. आणि गंमत अशी, की त्यातल्या एकालाही हा कोण ते ठाऊक नसायचं.

ठाऊक असणार तरी कसं? नवल कधी कुणाच्या लग्नाला जातच नव्हता. लग्नं त्याच्याकडे यायची. शूटिंगवाले लग्न उरकलं की सगळं शूटिंग आणून त्याच्या हातात द्यायचे आणि हा घरात मागच्या पत्र्याच्या खोलीत बसून त्याचा सिनेमा करायचा. आमच्याकडे याला मिक्सिंग म्हणतात. अमळनेर, पारोळा, पार शिंदखेड्यापर्यंतची कितीतरी लग्नं त्याच्या डोळ्यांखालून गेली. त्याला घरोघरच्या सुना माहीत, भांडणं माहीत, कुणाच्या पंगतीत वरण-बट्टी कमी पडली तेही माहीत.

मिक्सिंग म्हणजे नुसतं कापणं आणि जोडणं नव्हे बरं का. नवरीचं नाव गुलाबाच्या पाकळ्यांतून उमलायला हवं. आभाळातून विमान यायला हवं आणि त्यातून नवरदेव उतरायला हवा. दोघांचे चेहरे चंद्रात दिसायला हवेत. नवरीची आई येऊन सांगणार, "भाऊ, पोरीला जरा उजळ करा." नवरदेवाचा बाप सांगणार, "त्या पांढऱ्या टोपीवाल्याला काढून टाका, आमचं बोलणं नाही." नवल सगळं करायचा. त्याच्या मिक्सिंगमध्ये सगळे मामा हसायचे. एखादा मामा अख्खं लग्नभर तोंड फुगवून बसलेला असला, तरी हा त्याचं हळदीतलं कुठलं तरी हसू शोधून आणायचा आणि मंगलाष्टकांत बरोबर चिकटवायचा. मी एकदा विचारलं, "हे रे कशाला? रुसला होता तर रुसलेला दाखव ना." तर म्हणाला, "अक्का, घरात हेच पुन्हा पुन्हा बघतात. पुढे पुढे एवढंच लक्षात राहतं."

तर असली विमानं आणि चंद्र ओढायचं काम साध्या कॉम्प्युटरला झेपत नाही. त्याला आत वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. वीतभर लांब, पंखे लावलेलं. चित्र हलवायचं सगळं ओझं ते उचलतं. नवलने एकेक वस्तू जळगावहून आणून ते सगळं जोडलं होतं आणि घरात सगळे त्याला 'मशीन' म्हणायचे. मशीन चालू आहे तोवर नवल मिक्सिंगवाला. बंद पडलं तर काय, ते आमच्या मायला विचारा.

आमच्या मायचं नाव भागाबाई. आमचे आबा गावातलं काम सुटल्यावर सुरतला गेले, कापडाच्या लूमवर. आमच्या भागातली अर्धी माणसं तिकडेच. तिथल्या उधन्याच्या गल्लीत उभं राहिलात तर वाटतं आपल्याच गावात आलो, सगळीकडे आमचीच बोली. जाताना प्रत्येक जण म्हणतो, दिवाळीपर्यंतच. आबाही तेच म्हणाले होते. मग आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला यायचे, दिवाळीला यायचे, आणि बाकी सालभर माय एकटी. शेवटी आबा आले ते पांढऱ्या कापडात. खोलीवर छातीत दुखायला लागलं, सोबतची माणसं पाळीवर गेलेली. नवलही तेव्हा तिथेच कामाला होता, तोही पाळीवर. पाणी द्यायला जवळ कुणी नव्हतं. आबा गेले त्यापेक्षा पाण्यावाचून गेले हे मायला जास्त लागलं.

दिवस उरकले त्याच संध्याकाळी तिने नवलला समोर बसवलं. आम्ही सगळे होतो. तिने एवढंच सांगितलं, "आते सुरतले जावानं नाव काढू नको. उपाशी ऱ्हासूत, पन आठेच ऱ्हासूत." उपाशी राहू, पण इथंच राहू. नवलने मान हलवली. मग तो धुळ्याला एका स्टुडिओत जाऊन बसला, मिक्सिंग शिकला, घरी मशीन उभं केलं. लग्न झालं, कामिनी आली, ऋतिका झाली. मायची खाट मशीनच्या खोलीतच. गहू निवडता निवडता ती दिवसभर लोकांची लग्नं बघायची आणि मधूनच म्हणायची, "हाई पोर भलती रडस बापा!" ही पोर फार रडते म्हणे. मी तिला इतकी सुखात कधी बघितली नव्हती, खरंच सांगते.

आता आमच्याकडचा उन्हाळा. त्याबद्दल मी काय बोलू? चैत्रातच पत्रा असा तापतो की हात लावायची सोय नाही. म्हणून मायसाठी आम्ही, म्हणजे मी आणि माझ्या मालकांनी, एक लोखंडी कूलर घेऊन दिला होता. मागून पाणी भरायचं, बाजूच्या गवताच्या जाळ्या ओल्या होतात, पंखा त्यातून वारा खेचतो. सोपं काम. खानदेशात घर म्हटलं की कूलर आलाच. दुकानात कूलर, दवाखान्यात कूलर, लग्नाच्या मंडपात नवरा-नवरीच्या मागे कूलर.

गेल्या चैत्रात लग्नसराई ऐन भरात आली आणि मशीन आडवं यायला लागलं. नवल टायटल ओढत असायचा आणि पडदा एकदम काळा व्हायचा. पंखे घोंघावतायत, मंगलाष्टकं ऐकू येतायत, पण चित्र नाही. जरा वेळाने चित्र परत यायचं आणि कोपऱ्यात सूचना: डिस्प्ले ड्रायव्हर बंद पडला होता, पुन्हा सुरू झाला आहे. ड्रायव्हर म्हणजे कार्डाला कामाला लावणारा प्रोग्रॅम, हे मला नवलनेच सांगितलं. रोज फोन करायचा ना! "अक्का, आज कार्ड काढून खोडरबरने घासलं." "अक्का, आज पेस्ट बदलली." "आज अख्खं विंडोज पुन्हा टाकलं." मला काय डोंबल कळतंय त्यातलं? मी म्हणायची, "बरं झालं. जेवलास का?" रात्री चालवून बघितलं, रात्रीही तेच. यूट्यूबवर कुणी हिंदीवाला सांगत होता, कार्ड भट्टीत भाजून काढा. नशीब, एवढं तरी केलं नाही.

मग एक दिवस त्याने दोन गोष्टी केल्या. म्हणजे एक त्याने केली आणि एक मायने. सकाळी त्याने नवा ड्रायव्हर मुळापासून उपटून काढला आणि गेल्या सालचा जुना, जो तेव्हा नीट चालायचा, तो बसवला. दुपारी काम लावलं. मशीनची बाजूची पाटी उघडीच होती. कार्डाला बोट लावून बघायला गेला आणि चटका बसून त्याने हात मागे घेतला. माय खाटेवरून बघत होती. ती उठली. कूलर तिच्या अंगावर लावलेला होता, तो तिने स्वतः ओढत नेला आणि मशीनच्या उघड्या कुशीसमोर उभा केला.

"माय, हे काय? तुला गरम होईल," नवल म्हणाला.

"माले काय होस? मी वट्टावर बससू. त्याले लाय."

वट्टा म्हणजे बाहेरचा ओटा. ती जाऊन तिथे बसली. आणि त्या दिवशी मशीन अडलं नाही. अख्खं लग्न, विमान, चंद्र, सगळं एका दमात पार पडलं. नवल ओरडतच बाहेर आला. मायने आत जाऊन मशीनवरून हात ओवाळले आणि कडाकडा बोटं मोडली. मला फोन आला, "अक्का, मायनेच दुरुस्त केलं!" मी पण हसले. कोण नाही हसणार?

तेव्हापासून कूलर मशीनचा झाला.

आखाजीला मी माहेरी गेले. आमच्याकडे आखाजी म्हणजे लेकींचा सण. झाडाला झोके बांधतात, घरात सांजोऱ्या, आमरस, लेकीने नुसतं बसून खायचं. मी दारात पाय ठेवते तर काय? माय ओट्यावर, डोक्यावर ओला पंचा, समोरून गरम वारा नुसता भाजून काढतोय. तोंड लालबुंद. आणि आतल्या खोलीत गेले तर काय गारवा! मशीन मजेत हवा खातंय. माझं डोकंच फिरलं. "वा रे वा! सणाला लेक आली ती उन्हात आणि जावई कोण, तर हे मशीन? मी कूलर मायला दिला होता का या डब्याला?"

कामिनी म्हणाली, "अक्का, मी रोज सांगते. ऐकतच नाहीत त्या."

"आणि तू रे? तुला लाज?"

नवलने मान खाली घातली. "मी फिरवतो तिच्याकडे. मी जरा उठलो की ती परत मशीनकडे वळवते. अक्का, शिंदखेड्याच्या शूटिंगवाल्या जीवरामभाऊची लग्नं पडलीत नुसती. या साली नाही दिली तर तो दुसऱ्याकडे जाईल. तो गेला की झालं."

काय झालं, ते त्याने सांगितलं नाही. सुरतचं नाव त्या घरात काढायचंच नव्हतं. मी मायकडे गेले, म्हटलं, "चल माझ्याबरोबर देवपूरला, तिथे खुशाल कूलरसमोर झोप." तर म्हणते कशी, "मी उनू ते कूलरमा पानी कोन टाकी?" मी आले तर कूलरमध्ये पाणी कोण टाकेल! या बाईपुढे डोकं फोडून घ्यायचं बाकी राहिलं. सांजोरी गोड लागली नाही मला त्या वेळी. तिसऱ्या प्रहरी पोरीबाळी झोक्यावर गाणी म्हणत होत्या आणि माय बोअरवरून बादली भरून आणत होती.

आखाजी झाली, मी परत आले, आणि मशीन पुन्हा बिघडलं. आता वेगळंच. पडद्यावर लाल-हिरवे ठिपके, नवरीच्या तोंडावर देवी आल्यासारखे. मग आडव्या रेघा. मग निळा पडदा आणि मशीन आपोआप बंद. नवलने पुन्हा सगळं केलं. जुना ड्रायव्हर, त्याहून जुना ड्रायव्हर, खोडरबर, पेस्ट. काही म्हणजे काही उपयोग नाही. घरात सगळ्यांचं मत एकच: ऊन वाढलंय, गारवा पुरत नाही. कूलर स्टुलावर चढवला, आणखी जवळ सरकवला. पाण्यात बर्फाच्या लाद्या टाकायला लागले. कूलर क्षणभरही बंद ठेवायचा नाही, म्हणून मायच्या खेपा वाढल्या. बोअरचं पाणी, आमच्याकडचं जड पाणी, भांड्यावर पांढरी पुटं चढवणारं. ते ती भर दुपारी वाहत होती. नवल म्हणायचा, "माय, राहू दे, मी आणतो." ती म्हणायची, "तू आपलं काम कर."

मशीन तासभर चालायचं, मग पडायचं. मग अर्धा तास. मग नुसतं टायटल येईपर्यंत. नवल फोनवर बोलायचा कमी झाला. मी विचारायची, "कसं आहे आता?" तो म्हणायचा, "बघतोय." तो बोटं मोडतोय ते फोनवर ऐकू यायचं.

वैशाख संपता संपता कामिनीचा फोन आला. माय बादलीसकट अंगणात पडली. ऊन लागलं. मी मिळेल त्या गाडीने गेले. डॉक्टरांनी घरीच सलाइन लावलं होतं. ओठ सुकलेले, डोळे अर्धे मिटलेले. मी कपाळावर हात ठेवला, म्हटलं, "माय, मी नूतन." तिने डोळे उघडले, मला ओळखलं. आणि पहिलं काय विचारलं?

"कूलरमा पानी टाकं का?"

मी बाहेर जाऊन रडले. राग आला म्हणून रडले का वाईट वाटलं म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही.

कूलरमध्ये पाणी होतं. मशीन बंद होतं. त्याच सकाळी ते बंद पडलं होतं आणि मग कशानेच उठलं नाही. बटण दाबलं की पंखे जरा फिरायचे आणि थांबायचे. नवलने कार्ड काढून ठेवलं, कार्डाशिवाय लावून बघितलं, तरी नाही. जीवरामभाऊ आला, बिचारा चांगला माणूस, उभाउभीच बोलला. "नवलभाऊ, मी तरी काय करू? पोरींचे बाप माझ्या दारात येऊन बसतात." आपलं शूटिंग घेऊन गेला. बाकीचेही एकेक करून घेऊन गेले.

माय जरा उठून बसायला लागल्यावर मी आणि नवल जळगावला निघालो. कार्ड आणि आतला मोठा बोर्ड, दोन्ही जुन्या साडीत गुंडाळून मांडीवर. तिथे अमृत नावाचा एक माणूस कार्डं दुरुस्त करतो, नवलला आधीपासून माहीत होता. त्याने साडी सोडली, दिव्याखाली कार्ड धरलं आणि आमच्याकडे बघितलं.

"पुरात सापडलं होतं का?"

"नाही. घरातच होतं."

त्याने नखाने खरवडलं. पांढरी पूड निघाली. पूड निघाली तिथे खाली हिरवं. तांब्याच्या भांड्याला चढतं तसं. जोडाचे बारीक बारीक टाके सगळे खाऊन टाकलेले. "समोर कूलर लावायचात?"

मीच म्हटलं, "हो. तापायचं ना ते."

"ताई, कार्ड तापणारच. ते तापणं सोसायलाच बनवतात. आणि चालता चालता बंद पडावं इतकं तापलं, तर आतली धूळ काढायची, साधा पंखा लावायचा. कूलर म्हणजे पाणी. वाऱ्याबरोबर बारीक तुषार उडतात, पाण्यातला क्षार आत बसतो. तुम्ही उघड्या मशीनवर सारखं पाणी मारत होतात असं समजा." त्याने बोर्डही बघितला आणि तो बाजूला ठेवला. "दोन्ही गेलीत. मी हात लावून तुमचं नुकसान वाढवणार नाही."

"पण कूलर लावला आणि चालू झालं होतं," नवल म्हणाला. एकदम मोठ्याने, भांडल्यासारखा. "त्याच दिवशी! अख्खं लग्न निघालं त्या दिवशी!"

"त्या दिवशी दुसरं काही बदललं होतं का?"

नवल बघतच राहिला त्याच्याकडे. मी त्याला ओळखते ना लहानपणापासून. त्याला आठवलं ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"ड्रायव्हर," तो म्हणाला. "सकाळी जुना ड्रायव्हर टाकला होता."

"मग त्यानेच चाललं. बिघाड तेवढाच होता. तेव्हाच मिटला होता."

परत येताना नवल खिडकीशी बसला. धरणगाव मागे गेलं. शेतं नांगरून पडलेली, कुठे हिरव्याचं नाव नाही. मी म्हटलं, "जाऊ दे रे, कुणालाही तसंच वाटलं असतं." त्याने ऐकलं की नाही देव जाणे. मग म्हणाला, "मी शिकलेला माणूस, अक्का. दोन गोष्टी एकदम बदलू नयेत, एवढं मला कळायला पाहिजे होतं." अमळनेर आलं तेव्हा माझा हात धरला. "मायला सांगू नको. शप्पथ घे. कूलरचं तिला कधीच कळायला नको. उन्हाने गेलं म्हणायचं."

मी शप्पथ घेतली. घरी आलो, माय दारातच. "काय म्हने तो?" मी म्हटलं, "उन्हाने जळलं म्हणे. काही होत नाही आता." ती हळूच खाली बसली.

दुसरं मशीन उभं करायची ऐपत नव्हती आणि केलं असतं तरी लग्नं कुठून आणणार? सराई संपली होती, शूटिंगवाले धुळ्याला जायला लागले होते. नवलने गावात दोन-तीन ठिकाणी विचारलं. सगळीकडे बघू, सांगू. मग एक दिवस उधन्याच्या चुलतभावाचा फोन आला, पाळीवर एक जागा आहे म्हणून. मायच्या दुखण्यामुळे मी अजून तिथेच होते. नवल जेवताना म्हणाला, "दिवाळीपर्यंत जाऊन येतो." कामिनीच्या हातातला घास तसाच राहिला. मी मायकडे बघितलं. मला वाटलं आता ती ताट भिरकावेल, त्याची गचांडी धरेल, सुरतचं नाव काढलंस म्हणून गाव गोळा करेल. मी तर वाटच बघत होते. तिने भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला, आणि विचारलं, "गाडी कवय शे?" गाडी कधी आहे म्हणे.

तो गेला त्या दिवशी मी होतेच. मायने कळण्याच्या भाकरी बांधून दिल्या, ठेचा दिला. दाराशी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "उशाशी पानी ठेवत जाय." नवल वाकला, तिच्या पाया पडला, ऋतिकाला उचललं, खाली ठेवलं. कामिनी स्टेशनपर्यंत गेली. मी आणि माय घरी राहिलो.

मागच्या खोलीत टेबल रिकामं होतं. कूलर अजून स्टुलावर, तोंड टेबलाकडे. मला ते बघवेना. मी तो खाली उतरवला, ओढत मायच्या खाटेपाशी आणला, दोन बादल्या पाणी ओतलं आणि चालू केला. म्हटलं, आता तरी अंगाला वारा लागू दे या बाईच्या. माय खाटेवर बसली होती. ती उठली आणि तिने बटण बंद केलं.

"का गं? आता काय झालं?"

"नको माले."

"अगं, माय, आता कुणाला लावायचाय तो?"

ती परत खाटेवर बसली. मग खाली बघत म्हणाली, "नूतन, मशीन बंद पडाले लागनं ना, तवय मी पहिला काही दिन खाटवर सोताच वारा लेत बठनू. पोऱ्या तठे घाम गायी ऱ्हायना, मशीन तपी ऱ्हायनं, अन मी वारा खाई ऱ्हायनू. माले समजनंच नही. तोच वारा त्याले आदुगर भेटता ते ते मशीन जगतं. पोऱ्या आठे ऱ्हाता."

म्हणजे काय, तर सुरुवातीचे काही दिवस कूलर तिने स्वतःच्या अंगावर ठेवला, म्हणून मशीन गेलं. म्हणून नवल गेला.

माझ्या तोंडात आलं होतं सगळं. शप्पथ गेली उडत. मी म्हणणार होते, माय, तू उशीर केला नाहीस गं, तसं काही नाहीच. आणि पुढे? पुढे ती विचारणार, मग कशाने गेलं? त्यावर मी काय सांगू? तू लावलास म्हणून गेलं? तू भर उन्हात वाहिलेल्या पाण्याने गेलं? खरं बोलले तरी तिच्याच माथी, खोटं बोलले तरी तिच्याच माथी. देवा, एक वाक्य असं असतं का रे, की ते मी म्हटलं असतं आणि तिला बरं वाटलं असतं?

तिने माझा हात धरला. तिची बोटं बादलीच्या कडीने सोलवटलेली, अजून भरली नव्हती.

"नवलले सांगू नको हाई," ती म्हणाली. "त्याले वाटी, मायनी आपला वारा सोडा नही."

"नाही सांगत," मी म्हटलं.